संकलन स्थळ : अंजनेरी

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर माझं काहीच कुणाला खरं वाटलेलं नाही, तेव्हा त्यात तुमचा दोष धरत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात, पेठकडच्या डोंगरात, जमिनीखाली वीतभर लांबीचा एक प्राणी राहतो. त्याला पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, अंगावर कड्या. बघणारा म्हणेल गांडूळ, नाहीतर सापाचं पिल्लू. दोन्ही नव्हे. तो बेडकाच्या गोतातला. देवगांडूळ म्हणतात त्याला. आणि त्याचे चुलतभाऊ सेशेल्स नावाच्या बेटांवर राहतात, पार आफ्रिकेच्या अंगाला, भर समुद्रात. ह्याच्या अंगाला खारं पाणी सोसत नाही, मग हा तिकडे गेला कसा? गेलाच नाही. जमीन गेली. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, निम्मं घराणं तिकडे राहिलं आणि निम्मं आपल्या जमिनीबरोबर तरंगत तरंगत इकडे आलं. आता बोला! ही थाप असती तर मी अभिमानानं माझ्या नावावर घेतली असती. पण हे मला तृप्तीनं सांगितलं, आणि तृप्तीला खोटं बोलता येत नाही, तिच्या अंगातच ते नाही. ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते वाईटच: बहात्तर वर्षं आपण तोंड चालवलं आणि एवढी मोठी गोष्ट आपल्याला कधी सुचली नाही.

तृप्ती आली तो मंगळवार होता, दुपारचे तीन. मी गॅलरीत बसून गंगापूर रोडवरची वाहनं बघत होतो आणि ललिता, म्हणजे आमची ही, आत शेंगा सोलत होती. तृप्ती विंचूरची पोर. घरी कांदा, तिच्या डोक्यात मात्र बेडूक. कुठल्याशा मोठ्या संस्थेत ती पीएच.डी. करते, सरडे, पाली, बेडूक असल्यांचे डीएनए काढून कोण कुणाचा नातेवाईक ते शोधते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आली आणि संग्रहातल्या बाटल्या चाळता चाळता एका बाटलीपाशी थांबली. चिठ्ठीवर सुरेख अक्षर, ते माझं. चौतीस वर्षं मी त्या विभागाचा सेवक होतो. प्रिन्सिपॉलपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत सगळे मला यादवमामा म्हणत. ती अक्षराचा माग काढत घरी आली, तेव्हापासून तिचाही मी मामाच. तर ती आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, चष्मा लावा आणि हे बघा." कागदावर एक झाड काढलेलं होतं, आडवं पाडलेलं, खोड डावीकडे आणि फांद्या उजवीकडे. प्रत्येक फांदीच्या टोकाला गावाचं नाव. आंबोली, खंडाळा, डांग. आणि एका टोकाला, ठळक अक्षरात, अंजनेरी. "ही तुमची बाटली," ती म्हणाली. "नवी जात आहे, मामा. कुणीही नाव न दिलेली. आणि मी तिला नाव देणार आहे ते तुमचं. यादवी." आतून ललिताचा आवाज आला, "यादवी ना? घरात आहेच ती रोजची. आता शास्त्रात पण घाला." तृप्ती हसली, मीही हसलो, आणि हसता हसता माझं लक्ष त्या झाडावर होतं. अंजनेरीची फांदी खाली येऊन एका दुसऱ्या फांदीला मिळत होती, अगदी टोकाजवळ. जणू दोन भाऊ कालपरवाच वेगळे निघालेत. ती दुसरी फांदी होती डांगची. डांग म्हणजे गुजरातचा, पण आहे पेठच्या पलीकडल्या उतारावर. मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

कारण झाड खरं बोलत होतं आणि चिठ्ठी खोटं.

तृप्ती बोलत होती. फॉर्मालिनमध्ये डीएनएचे कसे तुकडे पडतात, आमच्या विभागातल्या सगळ्या बाटल्या त्यामुळे कशा निकामी निघाल्या, आणि ही एकच कशी दारूसारख्या कशात तरी होती म्हणून वाचली. यकृताचा तांदळाएवढा तुकडा पुरला म्हणाली. अंजनेरी डांगच्या मानानं कोरड्या बाजूला आहे, तरी तिथल्या प्राण्याचं नातं दाट जंगलातल्या डांगशी जुळतं, याचा अर्थ पूर्वी कधीतरी हे सगळं एकच ओलं रान असलं पाहिजे. ह्याच्यावर तिनं अख्खा पेपर उभा केला होता. "फक्त एक अडलंय," ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा बसला. "परीक्षक म्हणतात एका नमुन्यावर जात ठरत नाही. त्याच ठिकाणचा दुसरा आणा. मी दोन पावसाळे अंजनेरी उकरतेय मामा. एक एक दगड उलटा केलाय. हा तिसरा पावसाळा, तोही अर्धा सरला. मार्चला फेलोशिप संपते. नेमकं कुठं मिळालं होतं ते परत एकदा सांगा ना." आणि तिनं फोन माझ्यासमोर ठेवला, आवाज भरून घ्यायला. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. तोंड त्यासाठीच उघडलं होतं. पण समोर ऐकणारं माणूस असलं की माझ्या तोंडाचा माझ्याशी संबंध राहत नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला काळा खडक, त्याच्या बुडाशी ओल, मी बूट काढून ठेवलेले, वर घार फिरतेय, हे सगळं येत गेलं. घार मी त्या दिवशी नवीन घातली. तृप्ती मान डोलावत होती. तिच्या नखांत अंजनेरीची माती होती, घासूनही न गेलेली.

ती गेल्यावर ललिता पदराला हात पुसत आली. "घार आधी नव्हती," ती म्हणाली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं एक हिशेब बसवलाय: ह्यांचं निम्मं ऐकायचं आणि त्यातलं निम्मं सोडून द्यायचं. "पोरगी रानात विंचू-काट्यात हात घालते तुमच्या भरवशावर," ती म्हणाली. "मग? मी काय घाल म्हणालो?" "नाही. लिहून ठेवलंत फक्त." एवढं बोलून ती टरफलं टाकायला गेली. मी कागद घेऊन तसाच बसलो. खाली सिग्नल सुटला की वाहनांचा लोंढा यायचा, थांबला की एक पोकळी पडायची, आणि त्या पोकळीत मला माझ्याच बोटांचा वास यायचा. फॉर्मालिनचा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, वास कुठून राहील? पण यायचा.

चिठ्ठी मी लिहिली ती विद्यापीठाची कमिटी येणार होती तेव्हा. संग्रहात चारशेवर बाटल्या. रजिस्टरमध्ये रकाने: नाव, वर्ग, तारीख, संकलन स्थळ. पहिले तीन कसेबसे भरलेले, चौथा रिकामा. बाटलीतला बेडूक कुठला हे कुणी कशाला लिहून ठेवेल? बेडूक तो बेडूक. विभागप्रमुख म्हणाले, "यादव, चारच्या आत एकही रकाना कोरा दिसता कामा नये." मग मी पंख्याखाली बसलो आणि चारशे जनावरांना गावं वाटली. विंचवांना पांडवलेणी दिली. कासवांना गंगापूर धरण. एका घोरपडीला माझ्या सासुरवाडीचं गाव दिलं, त्याचं समाधान अजून आहे. आणि ह्या वीतभर प्राण्यापाशी आलो तेव्हा वाटलं, ह्याला काहीतरी भारदस्त द्यावं. लिहिलं, अंजनेरी, त्र्यंबकजवळचा मारुतीच्या जन्माचा डोंगर. कमिटी खूश झाली. अध्यक्षांनी अक्षराची तारीफ केली. कुणाचं नुकसान झालं? त्या दिवशी कुणाचंच नाही. तृप्तीचा तेव्हा जन्मही व्हायचा होता.

आणि अक्षर तरी कुठलं? तेही त्र्यंबकचं. दहा-अकरा वर्षांचा असताना मी तिथल्या एका उपाध्यायांकडे असायचो, वह्या उन्हात घालायच्या, झटकायच्या, फाटलेली पानं नव्यानं उतरवून काढायची. लांबलचक, लाल कापडात बांधलेल्या नामावळीच्या वह्या. कुठून कुठून माणसं यायची, गाव सांगायची, कूळ सांगायची, आणि गुरुजी बोट फिरवत जायचे: तुमचा बाप, त्याचा बाप, तो आला होता, हा त्याचा अंगठा. माणसं रडायची. मी कोपऱ्यातून बघायचो, मोठमोठ्या मिशांची माणसं एका नावासाठी रडतात. एकदा एका पानाला वाळवी लागलेली. दोन पिढ्या गेलेल्या. समोरचा माणूस हात जोडून बसलेला, लांबून आलेला. गुरुजी क्षणभर थांबले, आणि मग शांतपणे दोन नावं बोलले, त्या जागी शोभतील अशी. तो माणूस तितकाच रडला. तसूभर कमी नाही. मला वाटतं माझं सगळं शिक्षण त्या दुपारी पुरं झालं. नंतर मी जे काही बोललो, ते त्या एका थांबण्यातून आलं. आमचंही पान होतं एका वहीत. मी ते स्वतः उतरवून काढलं होतं. आजा, बाप, शेवटी मी. माझ्या नावाखाली रेघ ओढायला जागा ठेवली होती, ती कोरीच आहे. मूल झालं नाही. ललिता ह्यावर बोलत नाही, मी बोलतो, पण दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टी. आणि आता ही पोर म्हणत होती की कोट्यवधी वर्षांच्या झाडाच्या एका टोकाला तुमचं नाव लावते, मामा, ते कायम राहील. अशा वेळी माणसानं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मंगळवारची रात्र गेली, बुधवार गेला. गुरुवारी सकाळी दाढी करताना माझं ठरलं. आरशात बघताना मला अचानक वाटलं, त्या बाटलीतल्या जनावराला एक शब्द बोलता येत नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत, तीस वर्षं मेलेलं आहे, आणि तरी त्यानं आपलं गाव सांगितलं. मी चिठ्ठी चिकटवली, बूच लावलं, मेण ओतलं, त्याच्या तोंडावर अंजनेरी अंजनेरी म्हणत राहिलो, आणि ते आतल्या आत, तांदळाएवढ्या तुकड्यात, पेठ पेठ म्हणत होतं. त्याच्यावर वाळवी चालत नाही. त्याला शोभेल असं नाव मधे घालता येत नाही. मला त्या प्राण्याचा राग आला आणि मग लाज वाटली, आणि मग दोन्हीच्या खाली एक घट्ट असं काहीतरी हाताला लागलं. निश्चय म्हणतात तो हाच असेल, मला पूर्वीचा अनुभव नाही. तोंडाला साबण तसाच ठेवून मी फोन लावला.

"तृप्ती, अंजनेरी मी माझ्या मनानं लिहिली," म्हणालो. "ते तिथलं नाही."

पलीकडून ती म्हणाली, "दोन पावसाळे, मामा." ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला हिरामणचं सांगितलं. हिरामण पेठकडच्या एका पाड्यावरचा. बेडूक चिरायचे प्रॅक्टिकल होते तोवर आम्हाला बेडूक तोच पुरवायचा. ओल्या गोणपाटात दीडदोनशे बेडूक घेऊन एसटीनं यायचा, आणि कंडक्टरनं विचारलं तर भाजी म्हणायचा. भाजी ओरडायची. येताना माझ्यासाठी मोहाची बाटली आणायचा, पहिल्या धारेची, पेटवली तर निळी जळणारी. त्या देवगांडुळाला त्याच बाटलीत घातलं, फॉर्मालिन संपलं होतं म्हणून. मी तृप्तीला म्हणालो, विज्ञानासाठी मी माझी बाटली सोडली. ती हसली नाही. "त्याच्या शेतातलं?" "शेतातलंच." "तुम्ही काढताना होता?" आणि इथं, बघा, मी सगळं खरं सांगायचं ठरवलेलं, साबण वाळून तोंड ताणलेलं, ललिता दारात उभी. "होतो," म्हणालो. "मुद्दाम गेलो होतो पाड्यावर. बांध फुटलेला, तो सांधत होतो आम्ही." "हाताला कुणाच्या लागलं?" "कुदळ हिरामणची," मी म्हणालो, "हात माझा." "मग नाव तसंच ठेवते," ती म्हणाली. "पण ती जागा मला तुम्ही उभं राहून दाखवायची. उद्या सकाळी सहाला जीप आणते. परवान्यात गाव बदलून घ्यावं लागेल, ते मी बघते." ती ठेवणार तेवढ्यात मी म्हणालो, "रागावलीस?" "मग सांगेन," ती म्हणाली. "आधी प्राणी."

जीप तिची नव्हती, भाड्याची होती, पण चालवत तीच होती. घाट चढताना माझे गुडघे डॅशबोर्डला लागत होते आणि तिची नजर वळणांवरून हलत नव्हती. भाद्रपदातला तो स्वच्छ झालेला हिरवा. खाचरांत भात कमरेएवढा, वरकस उतारांवर नागली, मधून मधून तेरडा. मी काच खाली करून बसलो आणि हिरामण आठवायचा प्रयत्न केला. आठवत होते ते त्याचे पाय, टाचांना भेगा, प्रयोगशाळेच्या पांढऱ्या फरशीवर उमटलेले चिखलाचे पंजे, आणि तो ते बघून ओशाळा व्हायचा नि मीच फडकं मारायचो. चेहरा येत नव्हता. एखाद्या माणसाच्या नावानं आपण इतक्या गोष्टी सांगितलेल्या असतात की त्याच्या चेहऱ्यावर त्या बसून राहतात, खालचं दिसत नाही. गेल्या तीस वर्षांत मी त्याला वाघाच्या तोंडी दिलाय, दोनदा पुरात वाहवलाय, एकदा भूत म्हणून परत आणलाय. तो खरोखरच गेल्याचं मला त्या सकाळी फाट्यावरच्या चहावाल्याकडून कळलं, जाऊन आठ वर्षं झाली होती. पाड्याचा रस्ता मी त्याच चहावाल्याला विचारला. तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. "रस्ते बदललेत," मी म्हणालो.

घर शेवटचं, कुडाचं, अर्ध्यावर नवे पत्रे. हिरामणची बायको लंकाबाई अंगणात वेळूची टोपली विणत होती. साठीच्या पुढची, काटक, कपाळावर गोंदण. तिनं मला पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. "कालेजातला मामा," ती म्हणाली. "वळखला." बिनदुधाचा चहा दिला. तृप्तीनं फोनवर देवगांडुळाचा फोटो दाखवायला काढला, पण मीच मधे पडलो, म्हणालो, वहिनींना कशाला त्रास, जागा मला पाठ आहे. आणि उठलो आणि चालू लागलो, खाली उताराकडे, जणू माझे पाय मला नेत होते. एक बांध दिसला, रुंद, दगडी, खालच्या अंगाला झिरपणारं पाणी. असलं काही असतं तर इथंच असतं. "हाच," म्हणालो. खरं सांगतो, म्हणताना मला तो ओळखीचा वाटला.

तृप्ती गुडघ्यावर बसली ती बसलीच. ती दगड उचलायची तो दोन्ही हातांनी, खालची माती बोटांनी चाळायची, आणि दगड होता तसा, होता त्याच कुशीवर परत ठेवायची. घाई नाही, चिडचिड नाही. नऊ वाजले, अकरा वाजले. गांडुळं निघाली, खेकडे निघाले, एक वाळा साप निघाला, तो तिनं बोटावर घेऊन मला दाखवला आणि सोडला. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता, मी तर नुसता उभा होतो. "अजून खाली बघ," मी म्हणायचो. "अजून डावीकडे." तिच्या कोपरापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले. मला ती माझ्याच थापेच्या पानावरून ओळ न ओळ बोट फिरवत चाललीय असं दिसायला लागलं, शेवटपर्यंत वाचणार आणि मग मान वर करणार. लंकाबाई वरच्या वरकसात खुरपं घेऊन बसली होती, नागलीतलं तण काढत. तिची पाठ आमच्याकडे. पण खुरप्याचा आवाज मधे मधे थांबायचा.

दुपारपर्यंत पाड्यावरची आठदहा माणसं बांधावर येऊन टेकली. फकिरा म्हणून एक होता, तोंडात तंबाखू, हिरामणचा भाऊबंद. "का रं मामा," तो म्हणाला, "सोनं पुरलंस का काय इठं?" "सोन्याच्या वरचं," मी म्हणालो. माणसं हसली आणि जरा पुढे सरकली. ती सरकण्याची हालचाल, ढुंगणावरच्या ढुंगणावर, मी ती आयुष्यभर ओळखतो. बांधाच्या टोकाशी तृप्ती थांबली होती. पहिल्यांदाच. हात मातीत, मान खाली, आणि पाठ अशी की आता कुणी काही बोललं तर तुटेल. मला वाटलं, पोरीला धीर दिला पाहिजे. शपथेवर सांगतो, हेतू तोच होता. आणि खोटं तरी काय सांगणार होतो, हिरामणचीच तर गोष्ट.

म्हणून मी बांधावर चढलो. म्हणालो, इथंच, ह्याच जागी आम्ही दोघं उभे होतो. पाणी गुडघ्याएवढं. हिरामणनं कुदळ मारली आणि दगड हलला, आणि खालून असा एक आवाज आला, म्हातारं माणूस झोपेत कूस बदलतं तसा. हिरामण मागं सरला, म्हणाला मामा, हात घालू नका, देवाचं आहे. मी म्हणालो, हिरामण, देवाचं असेल तर मला ओळखेल. आणि मी बाही सारली आणि हात घातला, पार खांद्यापर्यंत. फकिरानं तंबाखू चघळायची थांबवली. गार लागलं, म्हणालो, आणि मऊ, आणि मग त्यानं माझ्या मनगटाला एक वेढा दिला, दोन दिले, आणि थांबलं. कोट्यवधी वर्षं जमिनीखालून चालत आलेलं जनावर, सेशेल्सचे चुलतभाऊ सोडून आलेलं, ते माझ्या नाडीवर डोकं टेकून थांबलं. मी त्याला हळूच बाहेर काढलं. हिरामणच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, मामा, हे तुमच्याच हाताला लागायचं होतं. आणि सांगतो तुम्हाला, ते बोलताना मला माझ्या मनगटावर ते दोन गार वेढे खरोखर लागत होते, मी हिरामणचा चेहरा बघत होतो, तो आत्ता कुठं मला दिसायला लागला होता, आणि माझ्या नावाखाली कुणीतरी सावकाश, सुरेख, एक रेघ ओढत होतं. तृप्तीनं मान वर केली होती. तिनं वही उघडली, बोटं पुसून पेन काढलं, आणि विचारलं, "नेमका हा दगड, मामा? लिहू?"

वर वरकसात खुरप्याचा आवाज थांबला. लंकाबाई उठली. नागलीतून सरळ खाली आली, माणसांनी वाट दिली, आणि ती माझ्यासमोर बांधाखाली उभी राहिली, खुरपं हातात.

"उतर खाली," ती म्हणाली. "पोरीला कवापासून फुकट उकरायला लावलंस! मी म्हणलं सांगंल, आता सांगंल. तू ह्या बांधावर कवा आलाच नाय. आमच्या पाड्याचं तोंड तू आज पयल्यांदा पाहतूस. ते जनावर बांधात नाय, गोठ्यामागं शेणाच्या उकिरड्यात घावलं, आजबी घावतं, चल ग पोरी, दावते तुला. आन् हिरामणला नाय घावलं, मला घावलं. मीच बेडकांच्या गोणीत टाकून आणलं, त्याच्यासंग मी बी आल्ते, म्हणलं कालेजातल्या लोकांला दावू. गोणी सोडली तं तू साप साप करीत टेबलावर चढलास, आन् धा येळा सांगितलं तरी उतरंनास. बाटलीत बी मीच घातलं. तू तं डोळं मिटून बूच तेवढं लावलंस!"